बाबांचा कान

"ऐकलंत? आता कशी घड्याळासारखी चालतेय!" बाबा हात पुसत म्हणाले.

गाडी घड्याळासारखी चालत नव्हती. रेस दिली की मधूनच ठोका चुकवत होती. ते मला ऐकू आलं, गाडीचे मालक असलेल्या म्हाताऱ्या मास्तरांनाही आलं. फक्त ज्या कानाच्या जोरावर आमचं गॅरेज उभं राहिलं, त्या कानाला आलं नाही.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते मोठ्यानं म्हणाले, "वा! ही गाडी माझ्यासारखीच हट्टी. तुमचा हात लागल्याशिवाय हलत नाही."

बाबा खुशीत चहा सांगायला दारापर्यंत गेले. मी चटकन गाडी बंद करून ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आतला ठिणगीचा पॉइंट घासून लख्ख केलेला, त्याची गॅप बरोबर, झिजू नये म्हणून फिरत्या कॅमला नखभर ग्रीससुद्धा. हातात खोट नव्हती. पण घासल्यावर गाडी चालू करून ऐकायचं, ठोका चुकला तर पॉइंटला जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर गेला समजायचं, ही त्यांचीच शिकवण. "नुसतं घासून भागत नाही गं. पॉइंट का जळला ते शोध, नाहीतर नव्याचीही तीच गत."

मी कंडेन्सर बदलला, जुना भंगाराच्या डब्यात टाकला आणि गाडी चालू केली. इंजिन झकास लागलं. बाबा दारात पाठमोरे उभे होते. ते वळलेसुद्धा नाहीत.

संध्याकाळी भंगार निवडताना तो कंडेन्सर त्यांच्या हाती लागला. बसवताना खिळ्यानं त्या त्या गाडीची खूण करायची त्यांची जुनी सवय. ते बराच वेळ त्या खुणेवरून अंगठा फिरवत राहिले.

"मास्तरांची गाडी?"

मी मान डोलावली.

"त्यांनाही कळलं होतं?"

मी पुन्हा मान डोलावली.

"आणि तरी वा म्हणाले. भला माणूस."

मला खूप काही सांगायचं होतं. पण ते ओरडून सांगावं लागलं असतं, आणि असलं काही ओरडून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी एक जुनी जीप आली. बाबांनी नेहमीसारखा पॉइंट घासला, गॅप लावली, झाकण बसवलं. मग बाजूला सरले.

"दे रेस."

मी रेस दिली. बाबांनी तळहात बॉनेटवर टेकवला होता, पण ते इंजिनाकडे बघत नव्हते. माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.