अर्ध्या किमतीचा शालू

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत कुणाच्या घरी कार्य निघालं, की पोरी आधी संस्कृतीला गाठायच्या. "आमच्याबरोबर दुकानात चल की गं," म्हणून मागं लागायच्या. तिचे वडील रामहरी शाळेची बस चालवायचे, आई सोजरबाई घरी ब्लाउज शिवायची आणि संस्कृती पेठेतल्याच एका डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. घरात पैसा बेताचा. पण पोरीच्या अंगावर कपडा कायम भारी. बघणाऱ्याला नवल वाटायचं. संस्कृतीला मात्र त्याचं काही वाटायचं नाही. मोठ्या शोरूमात आषाढात जायचं, लग्नसराई सरलेली असते, दुकानदार माशा मारत बसलेला असतो. पुतळ्याला नेसवलेली साडी मागायची, दहा जणींनी हाताळलेली म्हणून तिचा भाव उतरतो. गेल्या हंगामातला माल वरच्या मजल्यावर असतो, तो आपणहून कुणी दाखवत नाही, विचारावा लागतो. आणि जे मनात भरलंय त्याच्याकडं दुकानदारासमोर दुसऱ्यांदा बघायचं नाही.

अमृतची न् तिची ओळखही अशीच झाली. माढ्याच्या बापूसाहेबांना मोतीबिंदू झाला होता, त्यांना घेऊन थोरला मुलगा अमृत दवाखान्यात आला होता. साखर कारखान्यात केमिस्ट. वडील आत गेले तसा तो फोनवर मित्राशी एका ब्लेझरबद्दल बोलत बसला. किंमत ऐकून संस्कृतीला राहवलं नाही.

"आत्ता घेऊ नका," ती म्हणाली. "थोडं थांबा. सेल लागू दे."

तो थांबला. आणि सेल लागल्यावर तो ब्लेझर अंगात घालूनच, सोलापूरच्या भर उन्हात, घामानं निथळत तिला दाखवायला आला. ती इतकी हसली की डॉक्टर बाहेर आले.

पुढं वर्षभर तो काही ना काही निमित्तानं येतच राहिला. एकदा म्हणाला, "तुझ्यासंगं संसार केला तर मी लवकर घर बांधीन बघ." दुसऱ्या कुणाला हे बोलणं साधं वाटलं असतं. संस्कृतीनं ते मनात जपून ठेवलं. आजवर तिच्या काटकसरीला लोकांनी हुशारी म्हटलं होतं, त्यात संसार बघणारा हा पहिलाच.

बापूसाहेबांकडं जमीन होती, दोन ट्रॅक्टर होते. तरी पोराच्या हट्टापुढं घरच्यांनी मान तुकवली. अमृतची आई बाळाबाई येऊन बघून गेली, "पोरगी गुणाची हाय," म्हणाली. त्याच सुमारास धाकट्या जोतिरामचंही जमलं. उजनीच्या काठाला केळीच्या बागा असलेल्या घरची मुलगी, राजनंदिनी. दोन्ही लग्नं एकाच मांडवात उरकायची ठरली.

बस्त्याच्या आदल्या दिवशी अमृतचा फोन आला.

"एक सांगू का? रागवू नको. दोन लग्नं एकदम काढलीत, वडलांची ओढाताण चाललीय. उद्या साडी घेताना जरा सांभाळून घे."

"एवढंच ना? ते माझ्यावर सोड की."

फोन ठेवला तेव्हा तिला बरं वाटत होतं. सासरचं पहिलं ओझं नवऱ्यानं विश्वासानं हातात दिलंय, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगळे शहरातल्या एका मोठ्या दुकानात जमले. पांढऱ्या गादीवर दोन्ही नवऱ्या शेजारी शेजारी बसल्या, मागं दोघींची माणसं. ईश्वरप्पा नावाचे वयस्कर सेल्समन शालूंच्या घड्या मोडून पुढ्यात टाकू लागले. लाल, हिरवा, मोरपंखी. आणि त्यांत एक वांगी रंगाचा, काठावर बारीक कोयऱ्या. पदर उलगडला तशी संस्कृतीची नजर त्याच्यावर गेली, वळली, आणि पुन्हा गेली. तिनं काठाला हात लावला. किंमत वाचली. मग घडी आपल्याच हातानं बाजूला सारली.

"काका, वरच्या मजल्यावर मागच्या वर्षीचे असतील ना?"

ईश्वरप्पांनी चष्म्यावरनं तिच्याकडं पाहिलं. "आहेत ताई. पण नवरीला..."

"दाखवा की."

सोजरबाईनं हळूच तिचा हात दाबला. "आगं, लग्नाचा शालू हाय. एकदाच घेत्यात."

"असू दे आई."

वरनं तिनं डाळिंबी रंगाचा शालू शोधून आणला. निम्म्या किमतीचा. पुतळ्यावर बरेच दिवस राहिल्यानं एका बाजूला रंग किंचित उतरला होता. तेवढा भाग निऱ्यांत जाईल, हे तिनं स्वतःच सगळ्यांना नेसण्याची घडी घालून दाखवलं. बापूसाहेब खूश झाले. बाळाबाईनं तिच्यावरनं हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

"इनबाई, पोरगी लई समजुतीची हाय तुमची," ती सोजरबाईला म्हणाली.

संस्कृतीनं अमृतकडं बघितलं. तो हसला. त्या हसण्यासाठी ती आणखी तीन मजले चढली असती.

मग राजनंदिनीची पाळी आली. तिनं बरंच उलथंपालथं केलं, दोनदा तोंड वाकडं केलं, आणि शेवटी बाजूला पडलेला वांगी शालू ओढून खांद्यावर घेतला. "हाच पाहिजे."

बापूसाहेबांनी किंमत बघितली आणि बायकोकडं पाहिलं. बाळाबाई मोकळेपणानं म्हणाली, "घ्या की. थोरलीचं वाचलंय, तेवढं हिच्यात घाला. संस्कृतीचं काय, तिला कशातबी भागतंय."

तिच्या आवाजात वाकडं काही नव्हतं. उलट कौतुकच होतं. सगळे हसले, राजनंदिनीची आईही हसली. सोजरबाई तेवढी मान खाली घालून पदराचं टोक चाचपत बसली. संस्कृतीला आईचा तो खाली गेलेला चेहरा दिसला.

सगळे जेवायला निघाले तेव्हा तिनं अमृतला जिन्यापाशी थांबवलं.

"तू म्हणालास, वडलांची ओढाताण आहे."

"हाय की."

"मग तो शालू?"

अमृतनं इकडंतिकडं बघितलं. "हे बघ, ती मोठ्या घरची. तिला कमी दिलं तर तिच्या माणसांत आमची शोभा व्हईल. म्हणून तर तुला आधी सांगितलं. तू समजून घेतीस."

"म्हणजे तुला माहीत होतं. तिला जास्त द्यायचं, म्हणून मी कमी घ्यायचं."

"तसं कुटं म्हणलो मी?"

"एक करशील? खाली जा आणि आईंना एवढंच म्हण, संस्कृतीलाही तिच्या मनासारखा घेऊ. घ्यायचा नाही. मीच नको म्हणीन. तू फक्त म्हण."

तो वैतागून म्हणाला, "साडीवरनं तमाशा करायचा का आता? तू अशी नव्हतीस."

त्याच्या मागं मागं ती जिना उतरली. जेवताना तिनं सगळ्यांना वाढलं, राजनंदिनीला आग्रहही केला. घरी येऊन मात्र दार लावून घेतलं, आणि सोजरबाईनं कितीही हाका मारल्या तरी उघडलं नाही.

संध्याकाळी बाहेर आली ती डोळे सुजवूनच. "मला हे लग्न करायचं नाही," म्हणाली.

सोजरबाईनं डोक्याला हात लावला. पत्रिका वाटून झाल्या होत्या. "आगं, चांगलं घर हाय. कुणी मारलं न्हाय, कुणी शिवी दिली न्हाय. काय सांगायचं लोकास्नी?"

"मला तो आवडतो आई," संस्कृती म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली. "तो आवडतो म्हणूनच. आवडत नसता तर मी कशातही भागवलं असतं."

रामहरी दारात उभे राहून ऐकत होते. सकाळी बस लावून आले, धुतलेला सदरा घातला आणि माढ्याला जाणाऱ्या एसटीत जाऊन बसले. तिथं ते काय बोलले, त्यांना काय ऐकावं लागलं, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. आल्यावर पायरीवर बसून बराच वेळ चपलेची धूळ झटकत राहिले.

आठवड्याच्या आतच अमृत दवाखान्यात आला. हातात खोका. रिसेप्शनच्या टेबलावर त्यानं तो उघडला. आत वांगी शालू, कोयऱ्यांचा काठ.

"दुसरा पीस मागवला. पूर्ण किंमत दिली, घासाघीस न्हाय केली," तो म्हणाला. त्याचेही डोळे ओले होते. "आता तरी सोड राग."

संस्कृतीनं पदरावर हात ठेवला. तिचं मन भरून आलं. एवढा लांबनं आला, एवढा खर्च केला, आपल्यासाठी. एका क्षणात सगळं पूर्वीसारखं होईल असं वाटलं. ती 'बरं' म्हणणारच होती.

"फक्त एक कर," अमृत हळू आवाजात म्हणाला. "आईला कळू देऊ नको. लग्नात डाळिंबीच नेस. हा नंतर कधीतरी नेस, आपण दोघंच बाहेर जाऊ तेव्हा."

तिचा हात तिथंच थांबला. बाकावरचे पेशंट बघत होते. तिनं शालूची घडी जशी होती तशी नीट घातली, वर पातळ कागद ठेवला, खोका बंद केला.

"टॅग काढू नकोस," ती म्हणाली. "पावती असेल तर बदलून देतात. उशीर केलास तर घेणार नाहीत."

"संस्कृती..."

"जा, अमृत. माझ्यानं बघवत नाही तुला जाताना, पण जा."

तो गेला. जिना उतरेपर्यंत दोनदा थांबल्याचं तिला पावलांवरनं कळलं. परत मात्र आला नाही.

साडीवरनं लग्न मोडलं, असं पेठेत झालं. ज्या पोरी तिला दुकानात न्यायच्या, त्यांनीच ते चघळलं. संस्कृतीनं कुणाला उत्तर दिलं नाही. द्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि सगळं सांगितलं तरी ते साडीएवढंच दिसलं असतं. ठरलेल्या मुहूर्तावर माढ्याला मांडव पडला. जोतिरामच्या लग्नाच्या अक्षता त्यात पडल्या. अमृत पाहुण्यांना वाढत होता, असं कुणीतरी येऊन सांगितलं.

त्या दिवशी संस्कृतीनं सुट्टी घेतली नाही. पेशंटांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालून त्यांना ती एका ओळीत बाकावर बसवत होती, डोळे मिटून घ्या म्हणत होती. सगळे मिटून बसले, की तेवढ्यात आपले पुसून घेत होती. आणि दवाखान्याचं दार वाजलं, की नको नको म्हणताना तिची मान वर होत होती.