टाकीतला जावई

आमच्या वसतिगृहाच्या मागच्या अंगाला एक टाकी आहे. अर्धी जमिनीत, अर्धी वर, डोक्यावर गॅस भरेल तसा वरखाली होणारा लोखंडी घुमट. शे-सव्वाशे शिकाऊ नर्सच्या ताटांतलं उष्टं तिच्यात जातं, आतले किडे ते खातात, त्यातून गॅस निघतो आणि तो नळीने परत स्वयंपाकघरात येतो. किडे म्हणजे वळवळणारे नव्हेत, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. पण ‘किडे’ म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरकतात आणि मला काम करायला जागा मिळते, म्हणून मी किडेच म्हणतो. या टाकीची देखभाल ही माझी नोकरी. टाकीला सगळे ‘जावई’ म्हणतात. बसल्या जागी खायचं आणि जरा मनाविरुद्ध झालं की रुसायचं, दुसरं काय म्हणणार? मीही कोणाचा तरी जावई आहे हे हसताना कोणाच्या लक्षात राहत नाही.

या जावयाचे सुखाचे दिवस होते ते जुन्या आचाऱ्यामुळे. हा गृहस्थ भाताची खळ करायचा, आणि भाजी अशी करायचा की ती कशाची आहे यावर मुली पैजा लावत. रोज चाळीस किलो उष्टं निघे. मुली अर्धपोटी, जावई तृप्त. सकाळचा चहा आणि दुपारचा भात त्याच्याच गॅसवर व्हायचा, बाकीचं सिलिंडरवर. म्हणजे सूर्याने शेतात तांदूळ पिकवायचा, आचाऱ्याने तो बिघडवायचा, मुलींनी टाकायचा, किड्यांनी खायचा, आणि किड्यांच्या ढेकरांवर आचाऱ्याने पुन्हा भात बिघडवायचा. सृष्टीत प्रत्येकाचं पोट दुसऱ्यावर अवलंबून असतं, हे मला पाठ होतं. माझं पोट एका माणसाच्या हाताला चव नसण्यावर अवलंबून आहे, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

आचारी थकला आणि लेकीकडे राहायला गेला. रेक्टर मॅडमनी विचारलं, ‘‘तुमच्या पाहण्यात कोणी आहे का?’’ सासरे गेल्यापासून सासूबाई घरात बसून कंटाळल्या होत्या, आणि घरात बसलेल्या सासूबाईंना मी कंटाळलो होतो. मी त्यांचं नाव पुढे केलं. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हे.

पहिल्याच दिवशी मुलींनी दोनदा भात मागून घेतला. तिसऱ्या दिवशी एकीने ताट बोटाने पुसून खाल्लं. आठवड्याच्या शेवटी मी उष्ट्याची बादली काट्यावर ठेवली तर सात किलो, त्यातही सालं आणि चहाचा चोथा. ताटं अशी की धुणाऱ्या बाईला वाटावं कालची धुतलेलीच परत आली. सासूबाईंचं कौतुक सगळ्या इमारतीत झालं. मीही हसत मान डोलावली, कारण घरी जायचं होतं.

जावई वाळू लागला. घुमट खाली बसला, ज्योत पिवळी पडली, आणि एका सकाळी चहाला उकळी यायच्या आधीच ती विझली. मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं.

‘‘महिन्याने समिती येतेय पाहणीला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘टाकीच्या गॅसवर त्यांचा चहा झाला नाही, तर टाकी बुजवून तिथे सायकलस्टँड करायचा असं ठरलंय.’’

‘‘आणि मी?’’

‘‘सायकलस्टँडला माणूस लागत नाही हो,’’ त्या हळहळून म्हणाल्या. त्या मनाने चांगल्या आहेत, म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

दोन दिवस विचार केला. माझी नोकरी वाचवायची तर मुलींनी टाकलं पाहिजे, टाकायचं तर बिघडलं पाहिजे. तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई भांडारात गेलेल्या पाहून मी स्वयंपाकघरात शिरलो, मूठभर मीठ घेतलं आणि भाजीच्या पातेल्यावर हात नेला.

‘‘जावईबापू, मुठीत काय आहे?’’

पाठीमागे सासूबाई. हातात सूप. मी मूठ आवळली, तसं मीठ बोटांच्या फटींतून पायावर सांडायला लागलं. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण पाहता पाहता चपलांवर पांढरा ढीग झाला होता. मी सगळं सांगून टाकलं. टाकी, समिती, सायकलस्टँड, नोकरी. मला वाटलं, आता माझ्या सात पिढ्यांचा उद्धार होणार.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. ‘‘म्हणजे तो उपाशी आहे?’’

‘‘कोण?’’

‘‘अहो, तुमचा तो. मागचा.’’ त्यांचा चेहरा उतरला होता. ‘‘मी इथे सव्वाशे जणींना पोटभर वाढतेय आणि दाराशी एक जण उपाशी! आधी का नाही सांगितलंत? त्याच्यासाठी वेगळं शिजवलं असतं.’’

माझी नोकरी बाजूलाच राहिली. मी त्यांना समजावायला बसलो. म्हटलं, ‘‘आई, तसं नाही जमत. गॅस जाळून त्याच्यासाठी शिजवायचं, त्याने ते खाऊन गॅस द्यायचा, त्या गॅसवर पुन्हा शिजवायचं, हे चार दिवसांत थंड पडेल. जो खातो तो बहुतेक सगळं स्वतःच्या जगण्यावर उडवतो. चालण्यावर, अंगाच्या उबेवर. पुढच्याच्या वाट्याला चतकोर येतो. त्याच्या पुढच्याला चतकोरातला चतकोर. वरून नवं येत राहिलं तरच चालतं.’’

‘‘वरून म्हणजे?’’

‘‘सूर्याकडून. त्याच्यावर झाडं जगतात, झाडांवर आपण, आपल्या उष्ट्यावर किडे.’’

‘‘आणि सूर्याला कोण जेवायला घालतं?’’

‘‘कोणी नाही. तो स्वतःचंच जाळत बसलाय.’’

‘‘अगबाई!’’ सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. ‘‘आणि कोणी विचारत नाही त्याला?’’

पटलं असं मला वाटलं. काय डोंबलाचं पटलं! दुसऱ्या दिवशी मी टाकीशी गेलो तर शेजारी तीन मोठी पातेली, रिकामी, चाटूनपुसून. सासूबाईंनी पहाटे उठून साखर घालून, वर तेलाची धार सोडून पन्नास किलो पेज केली होती आणि टाकीला ‘आणखी थोडं, आणखी थोडं’ करत सगळी पाजली होती. उपाशी माणसाला पंगतीला बसवल्यावर जे होतं तेच झालं. आत दोन प्रकारचे किडे असतात. पहिले अन्न कुजवून आंबट करतात, दुसरे ते आंबट खाऊन गॅस देतात. पहिले हावरट, दुसरे सावकाश जेवणारे. पहिल्यांनी पेजेवर असा ताव मारला की दुसरे आंबटात बुडून गेले. टाकीला अपचन झालं. वास असा सुटला की पहिल्या मजल्यावरच्या मुलींनी खिडक्या लावल्या आणि शिकलेलं सगळं वापरून माझ्याकडे तोंडाला बांधायची फडकी मागितली.

‘‘बाधलं का हो त्याला?’’ सासूबाईंनी विचारलं.

‘‘बाधलं!’’ मी ओरडलो. ‘‘आता लंघन!’’

आठ दिवस टाकीला काही दिलं नाही. थोडा चुना टाकला, म्हशींच्या गोठ्यातून ताजं शेण आणलं, म्हणजे सावकाश जेवणाऱ्यांची नवी मंडळी भरती झाली. सासूबाई रोज येऊन घुमटावर हात ठेवायच्या आणि ‘आज बरं आहे’ किंवा ‘अजून अंग गरम नाही’ असं सांगायच्या. वैताग यायचा, पण अंदाज बरोबर निघायचा. मग त्या स्वतःच भाजीबाजारात गेल्या आणि भाजीवाल्यांना काय सांगितलं कोण जाणे, दुसऱ्या दिवसापासून गाडीभर पाला, देठं, सडके टोमॅटो दारात येऊ लागले. मी पाला बारीक चिरून, तोलून, थोडा थोडा देऊ लागलो. घुमट वर सरकला. ज्योत निळी झाली, पण जेमतेम. या गडबडीत बायको एकदा म्हणाली, ‘‘आई बारीक झाल्यासारखी वाटते.’’ मी म्हटलं, ‘‘दिवसभर उभं राहून काम करतात, होणारच.’’

समितीचे पाच जण आले. घुमटाला काठीने टोचून पाहिलं, नाकाला रुमाल लावले, आणि चहाची वाट पाहत बसले. मी शेगडीसमोर उभा राहून मनातल्या मनात दोन्ही प्रकारच्या किड्यांच्या पाया पडत होतो. उकळी आली. चहा गाळून होईतो ज्योत तगली आणि मग फक्‌ करून विझली. समितीने चहा पिऊन टाकीला आणखी एक वर्ष दिलं. मला आनंदाने रडू आलं, ते मी वासावर ढकललं.

संध्याकाळी पाला तोलायला गेलो तर बादलीत, सगळ्यात वर, एक अख्खं ताट पालथं केलेलं. भात, भाजी, हात न लावलेलं. मुलींनी असं टाकणं शक्य नव्हतं. मी बादली तशीच उचलून स्वयंपाकघरात नेली. सासूबाई ओटा पुसत होत्या.

‘‘आई, हे कोणाचं?’’

‘‘माझं. मला संध्याकाळी भूक नसते.’’

‘‘कधीपासून नसते?’’

त्यांनी फडकं पिळलं. ‘‘तुम्ही मीठ घेऊन आलात ना, त्या दिवसापासून. लंघनाचे आठ दिवस सोडून. रोज पाल्याखाली दडपत होते, आज राहून गेलं. नुसत्या पाल्यावर कुणाचं पोट भरतं का?’’

माझा संताप संताप झाला. लाजही वाटली, आणि लाज वाटली की मी आणखी ओरडतो. ‘‘अहो, पण हिशेब तरी काही आहे का? तुम्ही महिनाभर अर्धपोटी राहायचं, आणि एका ताटातून गॅस निघतो किती? पाच कप चहाचा! फक्त पाच कप!’’

सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं.

‘‘मग पाचच जण आले होते ना, जावईबापू?’’

मी बादली खाली ठेवली. हात धुतले, एक ताट घेतलं, भात वाढला, भाजी वाढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ‘बसा’ म्हणालो. त्या बसल्या. शेवटचा घास संपेपर्यंत मी समोरून हललो नाही.