उपाशी तास

नळीताईंचा हात इतका हलका, की नाकातून पोटापर्यंत नळी उतरेस्तोवर पेशंट त्यांना आपल्या व्याह्यांच्या तक्रारी सांगत असे. दवाखान्यात सगळे त्यांना याच नावाने हाक मारत आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. बावीस वर्षं लोकांची पोटं मोजून त्यांना थोडी घमेंड आली होती. ती आज सकाळी चांगलीच उतरायची होती.

आजचे पेशंट बेकरीवाले होते. चाळीस वर्षं भट्टीपुढे उभे राहिलेले, अंगाने गोलमटोल आणि भीतीने पांढरेफटक. त्यांच्या पोटात आम्ल इतकं व्हायचं की आतल्या जखमा भरत नव्हत्या. स्वादुपिंडाजवळ एखादी बारीक गाठ बसली असावी आणि तीच पोटाला रात्रंदिवस आम्ल सोडायचा हुकूम देत असावी, असा डॉक्टरांना संशय होता. रक्ताचा अहवाल काठावर आलेला. म्हणून ही तपासणी. पोट रिकामं आणि मन स्वस्थ असताना तासाभरात किती आम्ल सुटतं, ते मोजायचं. थोडं सुटलं तर गोळ्यांवर भागणार होतं. धो धो सुटलं तर गाठ शोधायला पोट उघडायचं.

नळीताईंनी कँटीनचा वास येऊ नये म्हणून खिडक्या लावल्या, फळांच्या चित्राचं कॅलेंडर भिंतीकडे फिरवलं, स्वतःचा डबाही बाहेर ठेवला. मग नळी घातली आणि बावीस वर्षांचं ठरलेलं वाक्य म्हटलं, "काका, डोळे मिटा आणि मनाला बरं वाटेल असं काहीतरी आठवत पडा."

तासाच्या चार बाटल्या, दर पंधरा मिनिटांना एक. पंधरा मिनिटांनी त्यांनी पहिल्या बाटलीत नळीतून पोटातलं पाणी ओढलं आणि त्यात औषधाचे थेंब सोडायला घेतले. पाणी गुलाबी झालं की थांबायचं. जितके थेंब जास्त लागले, तितकं आम्ल जास्त. थेंब पडत राहिले, पण गुलाबी व्हायचं नाव नाही. दुसऱ्या बाटलीला तर नळीताईंचा हात दुखायला लागला.

त्यांनी पेशंटकडे पाहिलं. चेहऱ्यावर परमसुख, आणि दोन्ही हात पांघरुणाला गुद्दे मारत, दुमडत, पुन्हा गुद्दे मारत.

"काका, काय आठवताय?"

"काही विशेष नाही. पीठ मळून झालं. पहिला घाणा आत सरकवलाय, आता वरून तांबूस झालाय का ते बघतोय."

नळीताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, पोटाला खाणं लागतंच असं नाही, खाण्याचा विचार पुरतो. डोक्यात पाव आला की नस खाली निरोप पोचवते आणि पोट लागतं कामाला."

"म्हणजे चाळीस वर्षं माझं बिचारं पोट ओव्हरटाइम करतंय."

चूक नळीताईंचीच होती. दोन्ही बाटल्या ओतून देऊन त्यांनी घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावलं. दुसरं काहीतरी आठवा, म्हणाल्या. समुद्र आठवा. बेकरीवाल्यांना मीठ आठवलं, आणि ते चिमूटभर जास्त पडलं तर खमीर कसं रुसतं तेही. ढग आठवा. ढग फुगलेल्या पिठासारखे निघाले. मुलगी आठवा म्हटलं तर तिच्या लग्नाचा चार मजली केक. पाढे म्हणा म्हटलं तर ते बाराचा म्हणायला लागले आणि प्रत्येक डझनाला पावाचा ट्रे जोडत गेले.

"मेहुण्याला आठवू?"

"राग येतो का त्यांचा?"

"पाहिलं तरी येतो."

"मग नको. रागानेही पोट खवळतं."

तेवढ्यात नळीताईंचंच पोट इतक्या मोठ्याने गुरगुरलं की दोघांनाही हसू आवरेना. "हसू नका, नळी हलेल," असं म्हणता म्हणता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बेकरीवाल्यांनी हसता हसता पांघरूण गच्च धरलं.

"ताई, मला नाही जमायचं. उघडतील ना पोट?"

नळीताईंनी हातातली बाटली खाली ठेवली. आपल्या एका वाक्यापायी या माणसाला ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागलं तर? त्या तडक बाहेर गेल्या आणि बाकावर बसलेल्या त्यांच्या बायकोला, काकूंना, आत घेऊन आल्या.

"काकू, यांच्याशी बोलत बसा. खाण्याचं सोडून काहीही."

"काहीही?" काकूंनी कॉटचा कठडा धरला. "मग टाकीचं सांगते. अहो, ऐकताय ना? आपल्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीची मीटिंग झाली. तुम्ही बेकरीत होतात. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, व्हॉल्व बदला. तळमजल्याचे म्हणाले, आधी पंप बघा. वहिनी म्हणाल्या, पंप तुमच्या खिडकीखाली आहे म्हणून तुम्हाला पंपच दिसतो."

काकूंनी काही म्हणून गाळलं नाही. कोण कुठल्या खुर्चीवर बसलं, कोण उठून गेलं, कोण चप्पल विसरल्यामुळे परत आलं. दहा मिनिटांत बेकरीवाल्यांची बोटं थांबली. विसाव्या मिनिटाला त्यांची नजर छताला लागली. नळीताईंनी तीन जांभया दिल्या. पहिल्या बाटलीला बरेच थेंब लागले, दुसरीला निम्मे. तिसरी लवकर गुलाबी झाली. चौथीत तर त्यांनी थेंब सोडले न सोडले तोच रंग आला. त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

डॉक्टर आले, त्यांनी आकडे दोनदा वाचले. "गाठ असती तर ती टाकीच्या गोष्टीने गप्प बसली नसती. ऑपरेशन नको. गोळ्या चालू करू."

नळीताईंच्या जिवात जीव आला. त्यांनी अलगद नळी काढली. काकू बोलतच होत्या, "मग चौथ्या दिवशी प्लंबर आला, तो वर चढला..."

"काकू, झालं. पोट उघडायचं नाही. थांबलात तरी चालेल."

काकू थांबल्या. कठड्यावरची त्यांची बोटं दाबून दाबून पांढरी पडली होती.

"थांबले असते तर रडले असते हो," त्या म्हणाल्या, आणि रडल्या.

बेकरीवाले उठून बसले. त्यांनी बायकोची बोटं एकेक करून कठड्यावरून सोडवली आणि आपल्या हातात घेतली. चाळीस वर्षांत तिची एकही गोष्ट त्यांनी इथपर्यंत ऐकली नव्हती.

"प्लंबर वर चढला," ते म्हणाले. "मग?"