छातीवरची नात

"या वयात मी पोलकं सोडून बसू? शोभतं का हे?" कांताबाई नर्सवर कडाडल्या.

निकिता नर्सही काही कमी खमकी नव्हती. "अहो आजी, पडदा लावलाय. तुमच्या सुनेला, सोनालीला झटके येऊन गेलेत, तिला अजून उठू देत नाहीत. बाळाला अंगाची ऊब हवी. आईची नाही, तर आजीची."

मग काय! सात महिने भरले न भरले तोच आलेली ती मूठभर नात कांताबाईंच्या उघड्या छातीवर विसावली. वरून कापड बांधलं. सोनालीचं काढलेलं दूध नळीनं पोटात जात होतं. स्वतः चोखायला लागली की धोका टळला, असं डॉक्टर म्हणाले होते. पण बया ओठ हलवेल तर शपथ!

कांताबाईंचा जीव टांगणीला लागला होता. त्यांचं पहिलं लेकरूही असंच अपुऱ्या दिवसांचं. घरच्यांनी त्याला कापसात गुंडाळून वेगळं ठेवलं, आणि ते कापसातच गेलं.

दुपार पेंगुळली होती. आरामखुर्चीत रेलल्या रेलल्या दोघींचा श्वास कधी एक झाला, कळलंच नाही. कांताबाई खडकवासल्याच्या पाण्यात गळ्यापर्यंत उभ्या होत्या. पाणी घंगाळातल्यासारखं कोमट. काठावर कुणी कणसं भाजत होतं. पाण्यावरून कापसाचे पुंजके तरंगत आले, त्यातून पहिलं लेकरू हसत बाहेर पडलं आणि बिलगलं.

"आलास होय रे राजा? किती उशीर!" त्यांना इतकं बरं वाटलं की रडूच फुटलं.

छातीवर काहीतरी सरकलं. जागं व्हायचं जिवावर आलं होतं. पुन्हा सरकलं. त्यांनी डोळे उघडले. नात नाक खुपसत, आ करून शोधत होती. बघता बघता तिनं आजीचं आटलेलं थान तोंडात धरलं आणि ओढलं.

"निकिता, धाव गं! चोखतेय! अगं भवाने, इथं काय ठेवलंय? आईकडे चल!"

डॉक्टरांना विचारून निकितानं सोनालीला चाकाच्या खुर्चीतून आणलं. लेकीला ती प्रथमच बघत होती. तिचे हात मागेच राहिले.

"आई, केवढीशी आहे हो. मला भीती वाटते."

"वाटू दे. घे जवळ," कांताबाई म्हणाल्या. "मलाही वाटली होती गं. मी घेतलंच नाही."