नेल्याची वेळ

विचुंब्यात नव्या बिल्डिंगा उभ्या राहिल्या, त्यांत नोकरदार जोडपी राहायला आली, आणि तेव्हापासून कुमुदमावशींच्या पाळणाघराला मुलं कधी कमी पडली नाहीत. एका बेडरूमचा फ्लॅट, अकरा मुलं, सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा. नवरा गेल्यावर याच मुलांवर घर चाललं, आणि त्याबद्दल मावशी देवाचे आभार मानत, पालकांचे नाही. पालक ही जातच लबाड, असं त्यांचं ठाम मत होतं. बोट दिलं की मनगट धरतात. साडेसहाचे सात करतात आणि महिनाअखेरीला आम्ही तर वेळेतच आलो होतो म्हणून वाद घालतात.

म्हणून त्यांनी रजिस्टर सुरू केलं. आणल्याची वेळ, नेल्याची वेळ, दोन्हींपुढे सही; आणि सगळं पालकानं स्वतःच्या हातानं लिहायचं. साडेसहानंतर दर पंधरा मिनिटांना पन्नास रुपये, बिलात तारीखवार. आपल्याच हातची वेळ खोटी आहे असं कोण म्हणणार? महिन्याभरात सगळे वाद मिटले.

वल्लरीची गोष्ट मात्र वेगळी होती. ती द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात कामाला होती. कंटेनरच्या रांगेत कंपनीची बस अडकली की तिला सव्वासात व्हायचे, आणि बस रोजच अडकायची. शंभर-दीडशे रुपयांचं तिला काही नव्हतं. पण बिल नवरा भरायचा आणि सासू ते मोठ्यानं वाचायची. पहिल्याच बिलातल्या एकेका तारखेवर बोट ठेवून सासूबाईंनी, म्हणजे चंद्रावतीबाईंनी, विचारलं होतं, की लेकरू परक्याच्या दारात ताटकळत असतं तेव्हा त्याची आई असते कुठे? सुनेनं नोकरी सोडावी हा विषय त्या घरात कधीचा शिजत होता. फक्त कागदोपत्री पुरावा हवा होता, तो मावशींच्या बिलानं घरपोच दिला.

वल्लरीनं डोळ्यांत पाणी आणून विनवलं. मावशी, साडेसहाच लिहू द्या, वरचे पैसे मी वेगळे देते. मावशींनी पैसे नको म्हटलं. मुलगी त्यांना आवडायची, आणि खरं सांगायचं तर कुणाला तरी आपल्या उपकाराखाली ठेवायला कुणाला आवडत नाही? पुढे पुढे, संध्याकाळी झोपाळलेली लेक रेवा खांद्यावर घेऊन सही करताना धांदल उडते म्हणून वल्लरी सकाळीच दोन्ही रकाने भरून टाकू लागली. आठ दहा, सहा तीस, दोन सह्या. घरी तिनं सांगून ठेवलं होतं की साडेसहाला लेकीला घेते आणि मग आम्ही बागेत जातो, तिला झोका लागतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. आठ महिने ती कुणी उघडली नाही.

जानेवारीतल्या एका गुरुवारी बाकीची मुलं गेली होती. साडेतीन वर्षांची रेवा एकटीच चित्र रंगवत बसली होती. गच्चीवरचे कपडे काढायचे राहिले होते. पाच मिनिटांचं काम, म्हणून मावशी बाहेरून कडी घालून वर गेल्या. वर छान गार वारा होता. दिवसभर अकरा मुलांचा कलकलाट ऐकलेले कान निवले, आणि मावशी टाकीच्या कट्ट्यावर जरा टेकल्या. पाचाची वीस मिनिटं झाली. खाली आल्या तेव्हा खिडकीजवळ एकात एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आडव्या झाल्या होत्या, आणि रेवा त्यांच्याशेजारी पडली होती. उजवा हात कोपरात भलतीकडेच वळला होता. ती रडत नव्हती, याचीच मावशींना जास्त भीती वाटली.

दहा मिनिटांत वल्लरी पोचली. दोघींनी रिक्षा केली. रिक्षात मावशी एकच घोकत होत्या, माझं चुकलं गं, मी वर गेले होते. वल्लरीनं लेकीला छातीशी धरलं होतं, आणि तशातही तिनं एक हात सोडवून मावशींच्या गुडघ्यावर ठेवला.

कोपरात तारा घालाव्या लागल्या. हात पुन्हा पूर्ण सरळ होईल की नाही, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कामासाठी पुण्याला गेलेला वल्लरीचा नवरा इंद्रजीत तिथून थेट मावशींच्या दारात आला. बरोबर आई, मागे वल्लरी, आणि सोसायटीचा सेक्रेटरी. इंद्रजीत आवाज न चढवता बोलला. पोलिसात तक्रार करणार, हे पाळणाघर बंद करणार, आजच. सेक्रेटरीनं मान डोलावली. घरगुती जागेत धंदा चालवायची परवानगी तशीही त्याच्याच मर्जीवर होती.

मावशींनी रात्रभर मनाशी ठरवलं होतं की पाया पडायचं आणि खरं ते सांगायचं. त्या पुढे झाल्याही. तेवढ्यात सेक्रेटरीनं टेबलावरचं रजिस्टर ओढलं, कालचं पान काढलं आणि ते इंद्रजीतपुढे धरलं.

"नेल्याची वेळ सहा तीस," इंद्रजीतनं वाचलं. "ही सही तुझीच ना?"

वल्लरी म्हणाली, की सही माझी आहे, पण ती सकाळी केलेली. मी रोज सकाळीच करते. मावशींना विचारा.

"रोज?" चंद्रावतीबाई म्हणाल्या. "मग रोज साडेसहा ते साडेसात तू असतेस कुठे?"

बसमध्ये, असं ती म्हणाली. मग बागेत कोण जातं, असं त्यांनी विचारलं. आठ महिने एक खोटं सांभाळणाऱ्या बाईचं खरं कुणाला खरं वाटणार? बसवाल्यांना विचारा, असं ती नवऱ्याला म्हणाली, तेव्हा घरची लक्तरं ऑफिसात वाळत घालू का, असं तो म्हणाला. त्याला विचारायचंच नव्हतं. बाग, झोका, फोनवर बोलणारी आई, पडलेली रेवा. सगळं चित्र त्याच्या डोळ्यांसमोर तयार झालं होतं, आणि तयार चित्र कोण पुसतो?

मग सगळ्यांनी कुमुदमावशींकडे पाहिलं. वल्लरीनंही. तिच्या नजरेत भीती नव्हती. मावशी आता सांगतील आणि मी सुटेन, असाच भाव होता. मावशींना तो दिसला, नीट दिसला. आणि त्याच वेळी त्यांना अकरा मुलं दिसली, महिन्याचा वाण्याचा हिशेब दिसला, आणि या वयात कुणाच्या तरी ओट्यावर पोळ्या लाटणारे आपलेच हात दिसले.

"रजिस्टरमध्ये जे आहे ते तुमच्या सुनेच्या हातचं आहे," त्या म्हणाल्या. "मी एक अक्षर लिहिलेलं नाही."

"मग तुम्ही हॉस्पिटलात कशा होतात?" चंद्रावतीबाईंनी विचारलं.

"ही घाबरून माझ्याकडे धावत आली. माणुसकी म्हणून गेले."

रजिस्टरबद्दलचं बोलणं निदान खरं तरी होतं. हे धावत आल्याचं त्यांना इतक्या सहज कसं सुचलं, याचं त्यांनाच नवल वाटलं. वल्लरीनं भिंतीला हात टेकला. चंद्रावतीबाईंनी मावशींची माफी मागितली, सेक्रेटरीनं रजिस्टरची तारीफ केली, आणि दार लागलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मावशींच्या मनात येऊन गेलं. ते त्यांनी झटकलं आणि खुर्च्या पुसायला घेतल्या.

आठवड्यानं वल्लरी एकटीच आली, भर दुपारी. नोकरी सुटली होती. बाकी कुणाला नको, फक्त इंद्रजीतला एकदा फोन करा, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी तुमच्यावर केस करू देणार नाही, पायावर हात ठेवून सांगते. मावशींनी तिला पाणी दिलं, पंखा लावला आणि म्हणाल्या, की आता शब्द फिरवला तर दोघीही खोट्या ठरू. शिवाय साडेसहा लिहू द्या म्हणून माझ्यामागे कोण लागलं होतं? मी नाही लागले. बोलता बोलता त्यांना खरोखरचा राग आला. या मुलीनं आपल्याला लबाडीत ओढलं, असं त्यांना मनापासून वाटू लागलं, आणि तसं वाटल्यावर फार बरं वाटलं. वल्लरी पाणी न पिताच उठली.

त्या महिन्याचं बिल मावशींनी चोख केलं. पंधरा दिवसांची हजेरी धरली, उरलेल्या दिवसांचे पैसे वजा केले. अपघाताचा दिवस आठ दहा ते सहा तीस असाच धरला, उशीर शून्य. पाळणाघराचं नाव झालं. रजिस्टरमुळे एका निरपराध बाईची अब्रू वाचली, असं बिल्डिंगीतल्या बायका एकमेकींना सांगत, आणि फेब्रुवारीत दोन मुलं वाढली.

मार्चमध्ये चंद्रावतीबाई रेवाची बॅग आणि अनामत न्यायला आल्या. रेवा बरोबर होती. प्लास्टर निघालं होतं, पण हात कोपरात वाकलेलाच राहिला होता. मावशींनी तिला जवळ बोलावलं, तशी ती न बिचकता आली आणि त्यांच्या मांडीला टेकून उभी राहिली. आतल्या खोलीत चंद्रावतीबाई कपाटातून कपडे काढून मोजत होत्या. काय विचारतोय याचं भान यायच्या आत मावशींनी हळूच विचारलं.

"रेवा, तू कशी पडलीस गं?"

"झोक्यावरून. आई फोनवर बोलत होती."

"खुर्च्यांवरून नाही?"

रेवानं खिडकीजवळच्या खुर्च्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग नाही म्हणून मान हलवली.

"आई कुठंय आता?"

"मामाकडे. आजी म्हणते, आईजवळ नाही झोपायचं."

"का?"

"ती पाडते," रेवा म्हणाली.

मावशींनी तिला उराशी धरलं. खरं काय घडलं ते पाहिलेलं ते एकटंच लेकरू होतं, आणि ते विसरलं होतं. पुढे त्यांना लाज वाटली, पुष्कळ दिवस वाटली, जेवणावरची वासना गेली. पण ते नंतर. त्या क्षणी, तो वाकडा हात आपल्या गळ्यात घेताना, त्यांना पहिल्यांदा वाटलं ते हायसं.