चौथ्या दिवशी पाहुणा

"दारात माणूस उभा राहिला की आधी आत घे, इब्तिहाल. नाव विचारायला तीन दिवस पडलेत."

मामी हे सांगायची तेव्हा तिचे हात पिठात असायचे. मादबा गावातल्या मामाच्या त्या घरी कोण कुठून यायचं याचा आम्हा मुलांना पत्ता लागत नसे. माणूस यायचा, बसायचा, कॉफी प्यायचा, जेवायचा. कोण, कुठला, काय काम काढलंस, हे मामा तीन दिवस उलटल्यावरच विचारायचा. त्याआधी विचारणं म्हणजे 'कधी जाणार?' असं विचारण्यासारखंच.

मामी जाऊन दोन वर्षं झाली. मी आता अम्मानमध्ये, वैबदेच्या टेकडीवर एका गेम बनवणाऱ्या कंपनीत काम करते. आमच्या गेमचं नाव 'सात विहिरी'. ठिकठिकाणचे लोक आपापल्या घरून एकाच वाळवंटात शिरतात. कोणी व्यापारी होतो, कोणी वाटाड्या, कोणी लढवय्या, आणि मग वर्षानुवर्षं तिथे तंबू ठोकून राहतात. त्यातल्या पात्रांच्या तोंडचं बोलणं मी लिहिते. पहाटेची नमाज, मग कुराणाचं एक पान, आणि त्यानंतरच कोणाशी बोलायचं असा माझा नेम आहे. त्याची सवय अशी लागली की ऑफिसातही माझं बोलणं बेताचंच.

त्या वर्षी एकच गोष्ट सगळ्यांना टोचत होती. नवे लोक गेममध्ये येत होते आणि दारातूनच परत जात होते. दाराचं काम कुसैकडे होतं. हुशार मुलगा, पण त्याला वाटायचं की माणसाला आधी सगळं समजावून सांगितलं पाहिजे. नाव टाका, चेहरा निवडा, कुळ निवडा, धंदा निवडा; मग एक पिवळा बाण पुढे पुढे धावणार आणि इथे दाबा, तिथे चला असं शिकवणार. कंपनीच्या प्रमुख लमीसबाई एके दिवशी म्हणाल्या, "ज्याने जन्मात गेमला हात लावला नाही असं कोणीतरी घरून आणा. त्याला इथे बसवू आणि आपण नुसतं बघू."

मी मिफलेहमामाला आणलं. त्यात माझा हेतू होता, आणि तो मामालाही ठाऊक होता.

मामाचा एकुलता मुलगा सनद स्वीडनमध्ये असतो. मामी गेली तेव्हा त्याचे तिथले राहण्याचे कागद अर्धवट होते. देश सोडला असता तर परत घेतलं नसतं. तो दफनाला आला नाही, तीन दिवसांच्या दुखवट्यालाही नाही. मामा फोनवर एवढंच म्हणाला, "मग आता नकोच येऊस." तो शेवटचा फोन. याआधी बापलेकांत काही बिनसलं की मामी मध्ये बसून इकडचं तिकडे करायची. आता मध्ये बसायला कोणी उरलं नव्हतं. थोरल्याने आधी फोन करायचा नाही, आणि धाकट्याची हिंमत होत नाही. पण सनद रोज संध्याकाळी 'सात विहिरी'त असायचा. तिथे त्याचं नाव धीब. तिसऱ्या विहिरीपाशी त्याचा तंबू होता. हे मी मामाला सांगून ठेवलं होतं.

मामा खुर्चीत बसला. अकाब्याच्या रस्त्यावर ट्रक चालवण्यात आयुष्य गेलेलं, तेव्हा माऊस त्याने गिअरसारखा मुठीत धरला.

"नाव टाका, काका," कुसै म्हणाला.

"कशाला?"

"तुम्ही कोण ते कळायला."

"कोणाला? इथे तर चिटपाखरू दिसत नाही."

कुसैने स्वतःच नाव टाकलं. "आता नाक निवडा."

मामाने चष्म्यातून नाकांची रांग न्याहाळली. "आहे त्याला काय झालं?"

"बरं, तेच ठेवू. आता कुळ."

"कुळ निवडायचं?" मामा माझ्याकडे वळला. "ही सोय माझ्या बापाला नव्हती गं."

मग पिवळा बाण धावू लागला. मामा थोडा वेळ त्याच्यामागे गेला, मग थांबला. बाणही थांबला आणि जागच्या जागी उड्या मारू लागला.

"हा कोण मला बोट दाखवतोय?" मामा उठला. "सरहद्दीच्या चौकीवरही एवढं विचारत नाहीत. तिथला शिपाई निदान बसा तरी म्हणतो."

वैबदेच्या पायऱ्या उतरताना मी त्याच्या मागे होते. अर्ध्यावर तो दम घ्यायला थांबला.

"तो आत असतो?"

"रोज."

"आणि मी दारात." तो भिंतीला टेकला. "मी फोन करणार नाही, इब्तिहाल. ते डोक्यातून काढ. पण बाजारात समोर आला तर तोंड फिरवणाराही मी नाही."

दुसऱ्या दिवशी मी लमीसबाईंना म्हटलं की आल्याआल्या नाव विचारणं काढून टाकू. नवा माणूस डोक्याचा रुमाल, शमाग, तोंडावर ओढून, निनावी येईल. जवळच्या तंबूत जाईल. जुने खेळाडू त्याला कॉफी ओततील, जेवू घालतील. खेळातले तीन दिवस कोणालाही त्याचं नाव विचारता येणार नाही, आणि गेमही ते दाखवणार नाही.

"झालं," कुसै म्हणाला. "आता गेममध्ये मनसफचा मटणभातही वाढा. वर दही मी आणतो."

"मनसफ वाढणारच आहोत," लमीसबाई म्हणाल्या. "करून बघू."

तसं करून बघितलं, आणि आमचीच माणसं आम्हाला ओळखता आली नाहीत. निनावी पाहुणा येतोय म्हटल्यावर जुन्या खेळाडूंत चढाओढ लागली. एकाने मेंढा कापला की शेजारचा दोन कापणार. पाहुण्याला घोडा, तलवार, वर उंटीण. पाहुण्याने पाण्याच्या पखालीला हात लावला की चौघं धावत यायचे: बसा, बसा, लाजवू नका. कुसैने पाहुण्याला थोडंफार काम मिळावं म्हणून तंबूबाहेर सरपण टाकून ठेवलं. यजमान पहाटे उठून ते वेचून ठेवू लागले. मेंढ्या इतक्या कापल्या गेल्या की गेमच्या बाजारात त्या मिळेनाशा झाल्या. आणि नवे लोक पूर्वीपेक्षा लवकर जाऊ लागले.

"पूर्वी दारातून पायी परत जायचे," कुसै म्हणाला. "आता आपण दिलेल्या घोड्यावर बसून जातात."

त्याच दिवसांत मामाला मी पुन्हा आणलं. सूर्यास्ताची मगरिबची नमाज होऊन गेली होती. मामा तिसऱ्या विहिरीपाशी पोहोचला तर एका तंबूतून उंचसा माणूस बाहेर आला, आणि खाली अक्षरं उमटली: 'या. घर तुमचंच.'

"हाच?" मामाने हळूच विचारलं. मी मान हलवली.

धीबने त्याला गादीवर बसवलं. कॉफी ओतली, पुन्हा ओतली, तिसऱ्यांदा ओतली. मग मामाने कुसैला विचारून पेला हलवायचं बटण शोधलं आणि पेला हलवला, म्हणजे आता पुरे. धीबने मेंढा कापला. बापलेक समोरासमोर बसून जेवले. नाव विचारायची मुलाला बंदी, ती मीच घातलेली. मामाने आपण होऊन सांगितलं असतं तर चाललं असतं. मी त्याच्याकडे बघत राहिले, पण त्याची बोटं मांडीवरच होती.

पायऱ्यांवर मी विचारलं, "सांगितलं का नाहीत?"

"पाहुणा आपण होऊन नाव सांगतो ते काही मागायचं असलं तर. मला काय मागायचंय?" थोडं उतरल्यावर म्हणाला, "ओततो मात्र नीट. भांडं डाव्या हातात, पेला उजव्या."

"तुम्हीच शिकवलंत."

"कोण आहे हे माहीत नसताना माझ्यासाठी मेंढा कापला. आईसाठी विमानात बसला नाही."



"उद्या येता?" खाली पोहोचल्यावर मी विचारलं.

"कशाला? जेवलो. पोट भरलेल्या पाहुण्याला घरात काय काम असतं?"

तो गुरुवार होता, माझ्या रोज्याचा. रोजा ऑफिसातच पाण्याच्या घोटावर सोडला होता; घरी येऊन खजूर खाल्ला आणि त्याची बी हातात धरून तशीच बसून राहिले. पाहुणचार तीन दिवसांचा, त्यापुढे दिलं तो दानधर्म, असं पैगंबरांचं वचन आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ते ऐकताना मी नेहमी यजमानाच्या बाजूने ऐकलं होतं. पाहुण्याच्या बाजूने ते कसं वाटत असेल याचा विचार केला नव्हता. अब्रूदार माणसाला दानाचा घास उतरत नाही. मग मादब्याला चौथ्या दिवशी काय व्हायचं?

काही विशेष व्हायचं नाही. चौथ्या सकाळी पाहुण्याला कोणी ओतायचं नाही, एवढंच. कॉफीचं भांडं त्याच्या गुडघ्यापाशी ठेवून मामा मेंढ्यांकडे जायचा, मामी पिठाकडे. कोणी कोणाला काही सांगायचं नाही. मग दारात नवा माणूस उभा राहिला की तो पाहुणाच उठायचा आणि ओतायचा. संध्याकाळी मामा त्याला नाव विचारायचा.

शुक्रवार-शनिवार सुट्टी होती, म्हणून रविवारपर्यंत थांबले. मग सांगितलं.

"म्हणजे आपण शिकवायचं काहीच नाही?" कुसैने विचारलं.

"पाणी कुठे, सरपण कुठे, हे नव्या माणसाने विचारलं की आधीच्या पाहुण्याला शोधावंच लागेल."

"जुने खेळाडू ओरडतील. पाहुण्याला कामाला लावता म्हणतील."

"लावायचं नाही. भांडं त्याच्यापाशी ठेवायचं आणि बाहेर जायचं."

"आणि त्याने नाही ओतलं तर?" लमीसबाई म्हणाल्या.

"तर तो पाहुणाच. जाईल."

कुसैने डोकं खाजवलं. "तुमच्या मामांवर करून बघू. ते टिकले तर कोणीही टिकेल."

मामाला आणायला मला त्याच्याच नियमाचा आधार घ्यावा लागला. "तुम्ही पहिल्याच दिवशी उठून आलात, मामा. तीन दिवस पुरे न करता पाहुणा उठला तर यजमानाचं काहीतरी चुकलं असा अर्थ होतो."

"मी काही बोललो का त्याला?"

"तुम्ही नाही. पण तो काय समजला असेल?"

मामाने तसबीहच्या माळेचे दोन-तीन मणी पुढे ढकलले. "चल."

खेळातला दिवस आपल्या थोड्या वेळातच सरतो. मामा उरलेले दोन दिवस बसला, जेवला, एकदा खुर्चीत डुलकीही काढली. चौथी सकाळ झाली तेव्हा नव्या नियमाप्रमाणे धीब भांडं त्याच्या गादीपाशी ठेवून बाहेर गेला. तंबू रिकामा. मामा सावरून बसला. भांड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी हिजाबचं टोक नीट करत राहिले.

दारात तोंड झाकलेलं कोणीतरी उभं होतं.

मामाने विचारलं नाही. उठला, भांडं घेतलं. आधी स्वतःच्या पेल्यात ओतून घोट घेतला, मग पाहुण्याला दिलं. पाहुणा चुकतमाकत लिहू लागला: 'इथे पाणी कुठे मिळतं?'

"कुठे मिळतं रे?" मामाने कुसैला विचारलं.

"मला नका विचारू, काका. घर तुमचं आहे."

मामा पखाल घेऊन निघाला. एकदा चुकीच्या टेकडीमागे गेला, शिवी पुटपुटला, लगेच अल्लाहची माफी मागितली, आणि पाणी घेऊन आला तेव्हा धीब परतला होता. धीबने पखालीकडे बघितलं, नव्या पाहुण्याच्या हातातल्या पेल्याकडे बघितलं. गेमने आता बंदी उठवली होती. अक्षरं उमटली: 'घर तुमचं नाव विचारतंय.'

मामाने एका बोटाने लिहिलं: 'मिफलेह.' थांबला. मग पुढे लिहिलं: 'अबू सनद', म्हणजे सनदचा बाप.

धीब उभा राहिला तो हललाच नाही. इतका वेळ, की कुसै म्हणाला, "लाईन गेली वाटतं," आणि टेबलाखाली वाकू लागला. मी त्याला हाताने खुणावलं, राहू दे.

मग अक्षरं आली. 'उंटांना रोज दुपार कलली की, असरच्या नमाजनंतर, पाणी पाजावं लागतं. उद्यापासून मला कामावर दुपारची पाळी आहे. इथे दुसरं कोणी नाही. तुम्हाला जमेल का?'

मामाने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा वाचलं.

'किती आहेत?' त्याने लिहिलं.

'अकरा.'

'लाथ कोण मारतो?'

'तांबडी. तिला शेवटी पाजा.'

'येतो,' मामाने लिहिलं.

त्या रात्री माझा जुना लॅपटॉप मी मामाच्या आतल्या खोलीत ठेवून आले. दुसऱ्या दिवशी दुपारी भाजी द्यायला गेले तर शेजारचे अबू मुंजिर सोंगट्यांचा पट मांडून बसले होते आणि डाव मामाकडे झुकला होता. असरची बांग झाली. मामाने नमाज पढली, चटई गुंडाळून कोपऱ्यात ठेवली. अबू मुंजिरने फासे पुढे केले.

"तू चहा घे," मामा म्हणाला. "इब्तिहाल, त्यात मैरमियाची पानं घाल त्याच्यासाठी."

"अरे, जिंकतोयस आणि उठतोस? कुठे निघालास?"

"काम आहे."

आरशापाशी थांबून त्याने डोक्याचा शमाग सारखा केला, खुर्ची उचलून आतल्या खोलीत नेली आणि दार हलकेच लोटून घेतलं.