चाचणीची खुर्ची

पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण बहुतेक माझ्यावरूनच पडली असावी. लोकांच्या धंद्यासाठी वेबसाइट बांधून देणं हे माझं काम. दातांच्या डॉक्टरची केली, पंक्चरवाल्याची केली, पोहायला शिकवणाऱ्या एका बाईंची केली. सगळे माझं ऐकतात, माना डोलावतात, वर चहा पाजतात. आणि माझे सख्खे दोन भाऊ, एक थोरला नि एक धाकटा, खुर्च्या बनवतात, तर त्यांची वेबसाइट नाही. कारण त्यांच्यासाठी मी वेबसाइटवाली नाहीच. लहानपणी सरसाच्या डब्यात वेणी बुडवून बसलेली ती मी.

कारखाना म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. भुश्शाचा वास, भिंतीवर हत्यारं, मधोमध रंद्याचं टेबल. वर दादा आणि वहिनी राहतात, मागच्या खोलीत धाकटा. आईवडील गेले, पण वडिलांची शिस्त तशीच आहे: आमच्याकडे तयार खुर्ची मिळत नाही. गिऱ्हाईक आलं की दादा त्याला मापाच्या स्टुलावर बसवतो, टाचेपासून गुडघ्यापर्यंत पट्टी लावतो, कोपर किती उंचावर टेकतं ते बघतो आणि मग विचारतो, "पाठ कुठं दुखते?" माणूस बसल्याशिवाय खुर्ची होत नाही, असं त्याचं ठाम मत. खुर्ची झाली की ती लगेच जाते, त्यामुळे आमच्या कारखान्यात बघावं तेव्हा अर्धवट खुर्च्याच. कुणाला पाय नाहीत, कुणाला पाठ नाही.

अपवाद एकच. खिडकीजवळच्या कोपऱ्यातली आईची खुर्ची. तिथे बसून आई तयार खुर्च्यांच्या हातांना मेण चोळायची. त्या कोपऱ्यात जमीन खिडकीकडे उतरती आहे, म्हणून वडिलांनी त्या बाजूचे दोन पाय बोटभर लांब ठेवले होते. त्या जागी ती खुर्ची पहाडासारखी उभी राहते. दुसरीकडे कुठेही ठेवा, कलंडते.

तर मोठ्या रस्त्यावर तयार फर्निचरचं चकाचक दुकान उघडलं, आमच्याकडची वर्दळ कमी झाली आणि वेबसाइट हवी, यावर दोघा भावांचं एकमत झालं. त्यांचं एकमत झालं की मला धडकीच भरते. ते फार वेळ टिकत नाही.

धाकट्याला दुकान हवं होतं. फोटो, किंमत, कार्ट, पैसे भरा, खुर्ची घरपोच. त्यासाठी लहान, मध्यम, मोठी अशा ठरावीक मापांच्या खुर्च्या करून ठेवायच्या, असा त्याचा बेत. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! अजून वेबसाइटचा पत्ता नव्हता आणि हा पॅकिंगची खोकी घेऊन आला. दादाला हवी होती पानं. लाकूड कुठलं, ते किती मुरवावं, पाठदुखीला कसली बैठक बरी, असं सगळं लिहावं, लोकांनी वाचावं आणि मग येऊन स्टुलावर बसावं.

"बसायला यायला लोकांना वेळ आहे का?" धाकटा म्हणाला.

"बसायला वेळ नाही त्यानं खुर्ची कशाला घ्यावी?" दादा म्हणाला.

मी मधे पडले. दोघांना समोर बसवलं आणि जे गिऱ्हाइकांना सांगते तेच सांगितलं. तयार विक्रीचा प्लॅटफॉर्म म्हणजे भाड्याचं सजवलेलं दुकान. फळ्या लावलेल्या, गल्ला मांडलेला, पावती आपोआप. माल ठेवा आणि विका. पण भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकाची परवानगी, आणि मालक सांगेल ते भाडं. दुसरा प्रकार म्हणजे आपल्या जागेवर बांधलेलं घर. हवी तितकी पानं लिहा, हवी तिथे खिडकी पाडा. पण नळ गळला तर पाना घेऊन तुम्हालाच धावायचंय. त्यात विक्रीची सोय मागाहून जोडता येते, मात्र जोडलेल्या खोलीचं आणि मूळ घराचं दर वेळी पटेलच असं नाही.

"आपलं घर," दादा म्हणाला.

"सजवलेलं दुकान," धाकटा म्हणाला.

इतकं सुंदर समजावून सांगितल्यावर हे फळ.

पुढे शब्दाला शब्द वाढला आणि एका संध्याकाळी धाकट्यानं खिशातून एक किल्ली काढून टेबलावर ठेवली. नदीपलीकडे एक शेड रिकामी होती, मालकानं त्याला बघायला म्हणून किल्ली दिली होती. "ताई, दोन्ही प्रकारचा एकेक नमुना बांध. रविवारी तू काय ते सांग. दुकान म्हणालीस तर इथेच सुरू करू. नाहीतर मी माझी हत्यारं उचलतो."

"जायचं त्याला कोण अडवतंय?" दादा म्हणाला आणि रंदा ओढायला लागला.

म्हणजे काय, दोन प्लॅटफॉर्मची तुलना करायला निघालेली मी, आणि तराजूत बसले होते माझे भाऊ. आमचं घर तीन पोरांचं. त्यातला एक नदीपलीकडे गेला तर उरलेल्या दोघांना घर म्हणवणार नाही, निदान मला तरी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्या दिवसापासून दोघांनी बोलणं टाकलं. काम एकाच टेबलावर, पण निरोप वहिनीमार्फत. "त्याला सांग, सरस संपत आलाय." "त्यांना सांग, आणलाय." वहिनी मला म्हणाली, "वन्सं, लवकर काय ते आटपा. मी आता बायको राहिले नाही, टपालपेटी झालेय."

मी नमुने बांधायला घेतले. दादाच्या घरासाठी त्याच्याकडून लाकडावर एक पान लिहून घेतलं. त्यानं ते इतकं छान लिहिलं की मला त्याचा रागच आला, इतकी वर्षं लपवून ठेवलंन म्हणून. धाकट्याच्या दुकानात मात्र पहिल्याच पायरीला अडले. दुकान म्हणालं, माल टाका. माल म्हणजे पुरी खुर्ची, आणि पुरी खुर्ची कारखान्यात एकच.

काय बिघडतं, नमुनाच तर आहे, असं म्हणून मी आईच्या खुर्चीचा फोटो काढायला गेले. कोपऱ्यात उजेड कमी पडत होता म्हणून ती खोलीच्या मधोमध ओढली. तिथे ती एका बाजूला झुकली आणि फोटोत कुणी रुसून मान वळवावी तशी आली. नावाच्या जागी लिहिलं 'खुर्ची'. वर्णनात लिहिलं 'चाचणी चाचणी'. किंमत रिकामी सोडता येईना, म्हणून टाकला एक. नुसता एक. पैसे वस्तू पोहोचल्यावर, असा पर्याय निवडला, घरच्या सगळ्यांना दोन्ही नमुन्यांचे पत्ते पाठवले आणि कुणाचा तरी फोन आला म्हणून तशीच निघून गेले. दुकानाला कुलूप लावायचं, म्हणजे ते बंद ठेवायचं, राहिलं. खुर्ची जागेवर ठेवायचीही राहिली. पाठमोरी होताना ओझरतं दिसलं, दादा हातातलं काम टाकून ती उचलून कोपऱ्यात नेत होता.

रविवार उजाडला. तुलनेचा मोठा तक्ता मी करून नेला होता: भाडं, सोय, देखभाल, सुरक्षा, पुढे वाढायची मुभा, सगळं. निर्णय मात्र तक्त्यात नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझ्यातही नव्हता. वाटेत दोनदा वाटलं, ताप आलाय म्हणून कळवावं.

दारातच धाकटा आडवा आला. चेहरा असा फुललेला की मी घाबरले.

"ताई, ऑर्डर आली! सकाळी फोन वाजला आणि बघतो तर 'नवी ऑर्डर'! अजून जाहिरात नाही, काही नाही, आणि गिऱ्हाईक! आता बोला म्हणावं."

हे 'बोला' दादासाठी होतं. दादा पाठ करून खुर्चीच्या एका पायाला पॉलिश कागद घासत होता. घासण्याची गती तेवढी बदलली. वहिनी जिन्यात उभी होती, टपालपेटीच्या तयारीत.

"कशाची ऑर्डर?" मी विचारलं.

"कशाची म्हणजे? खुर्चीची!"

"कुठल्या खुर्चीची? तुझ्या दुकानात एकच खुर्ची आहे."

धाकट्यानं फोनकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. त्याचा आनंद असा उतरला की मलाच अपराधी वाटलं.

"तू आईची खुर्ची टाकलीस?"

"चाचणी होती रे. दुसरी होतीच कुठे? काढणार होते, राहून गेली."

"आणि किंमत एक?"

"काहीतरी टाकावंच लागतं!"

धाकटा मटकन स्टुलावर बसला, मापाच्या. या स्टुलावर तो कधी बसत नाही. "रद्द कर," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता रद्द कर. सांग त्या माणसाला, दुसरी बनवून देतो, हवी तशी, फुकट देतो. ही नाही. ऑर्डर गेली खड्ड्यात." मग हळूच म्हणाला, "ती शेडमध्ये नीट उभीसुद्धा राहणार नाही. मी जाऊन जमीन बघून आलो. सपाट आहे."

हे ऐकून मला भडभडून आलं. हा जायच्या गोष्टी करत होता आणि आईची खुर्ची तिथे कशी उभी राहील ते मनात मोजून आला होता. दादाचा पॉलिश कागद थांबला होता.

मी त्याचा फोन घेतला. गिऱ्हाइकाला काय सबब सांगावी याची मनात जुळवाजुळव करत ऑर्डर उघडली. नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं, कारण एकटीनं वाचायची ती गोष्ट नव्हती.

नाव दादाचं होतं. पत्ता लिहिला होता: 'तळमजला, खिडकीजवळचा कोपरा.' आणि खाली, पोहोचवणाऱ्यासाठी सूचना असा रकाना असतो, त्यात लिहिलं होतं: 'माप घेतलेलं आहे. जागेवरून हलवू नये.'

वहिनीनं पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही, बहुतेक दोन्ही.

"म्हणजे काय करणार?" दादा पाठ न वळवता म्हणाला. "फोन बघतो तर आईची खुर्ची विकायला. किंमत एक. मला वाटलं, यानंच तुला टाकायला लावली. जायचंय ना त्याला. म्हटलं, दुसरं कुणी उचलायच्या आत आपण घ्यावी."

"तोंडानं विचारायचं ना मग!" वहिनी म्हणाली.

"बोलणं बंद होतं."

धाकटा स्टुलावरून उठला. मला वाटलं आता दादाच्या गळ्यात पडतो. आमच्या घरात असलं काही होत नाही. तो कोपऱ्यात गेला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती हलते का ते बघितलं. हलली नाही. मग परत आला, माझ्या हातातून फोन घेतला आणि 'माल पोहोचला' असं जिथे लिहिलेलं असतं तिथे बोट दाबलं.

"पैसे पोहोचल्यावर," तो म्हणाला आणि दादापुढे हात पसरला.

कित्येक दिवसांनी तो दादाशी बोलला ते हे पहिलं वाक्य. दादानं खिसे चाचपले, एक नाणं काढलं, फुंकर मारून त्यावरचा भुस्सा उडवला आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"आणि ऐक," दादा म्हणाला. "त्या तुझ्या दुकानात नाव विचारतात, पत्ता विचारतात, फोन विचारतात. गुडघ्याची उंची कुणी विचारत नाही. असं कसं दुकान? रकाना टाक तिथे. टाच ते गुडघा, आणि कोपर."

"लोकांना घेता येईल का माप?"

"कसं घ्यायचं ते मी लिहितो. चित्र काढून देतो. आणि पाठ कुठं दुखते, तेही विचार."

"ताई, भाड्याच्या दुकानात असे रकाने टाकता येतात का?"

"काही येतात," मी म्हटलं, "काहींसाठी मालकाला विचारावं लागेल. नाहीतर आपल्या घरालाच दुकान जोडायचं. नळ गळेल अधूनमधून."

"गळू दे," दादा म्हणाला. "दोघं आहोत की पाना धरायला."

तक्ता मी पिशवीतून काढलाच नाही. इतक्या मेहनतीनं केलेला, आणि कुणी विचारलंही नाही. पिकतं तिथं विकत नाही ते हे असं. वहिनीनं वरून चहा आणला आणि दोघा भावांनी तो एकमेकांना स्वतः दिला, तेव्हा ती म्हणाली, "बघा, टपालपेटी बंद पडली. आता मी माझी कामं करते."

मी निघाले तेव्हा धाकटा दारापर्यंत आला. खिशात हात घालून जरा घुटमळला, मग किल्ली माझ्या हातात ठेवली.

"नदीवरूनच जातेस ना? शेडवाल्याला जाता जाता देऊन ये," तो म्हणाला. "सांग, जमीन फार सपाट आहे."